मावशीचे तीन जास्तीचे टाके

थंडीत इंदूरला लोकमान्य नगरात मावशीकडे गेलो, तर ती दिवाणावर बसून शाल उसवत होती. तिकोनी, जाळीची, मानेपाशी सुरू करून खाली रुंदावत न्यायची; मध्ये कणा, त्याच्या दोन बाजूंना दोन पाखं. "एका पाखात पंचवीस फंदे हवेत रे, अठ्ठावीस भरतायत." (इंदुरात आपल्या बायकाही टाक्यांना सर्रास फंदे म्हणतात.) शेजारणीने कारण शोधून ठेवलं होतं: अमावास्येला सुरुवात केली. अमावास्येने टाके वाढत असते तर लोकर विकत कशाला आणली असती!

खरा घोटाळा एका समजुतीत होता. जाळी पडली की टाका वाढला, हे अर्धंच खरं आहे. धागा सुईवरून पुढे घेतला की भोक पडतं आणि एक टाका जादा येतो, हे बरोबर. पण नक्षीतल्या प्रत्येक जाळीला एक जोडीदार असतो. त्याच सुईवर (विणणाऱ्या बायका एका ओळीला एक 'सुई' म्हणतात) कुठेतरी दोन टाके एकत्र विणलेले असतात. एक वाढला, एक घटला, हिशेब शून्य. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरची ती प्रसिद्ध लहरींची नक्षी घ्या. 18 टाक्यांत आधी तीनदा दोन-दोन एकत्र, मग सहा वेळा जाळी आणि एक सुलट, शेवटी पुन्हा तीनदा दोन-दोन एकत्र. सहा घटले, सहा वाढले, 18 चे 18 राहिले. मात्र घट एकीकडे आणि वाढ दुसरीकडे असल्यामुळे कापड जागोजागी ओढलं जातं आणि लाट उमटते.

शाल रुंद करतात त्या जाळ्या वेगळ्या, बिनजोडीच्या. दर सुलट सुईला (समोरच्या बाजूने विणायच्या ओळीला) अशा चार: दोन काठांशी, दोन मधल्या कण्याच्या दोन बाजूंना. म्हणजे एका पाखाला दोन. उलट सुई साधी. थोडक्यात, जितक्या सुया तितके टाके वाढले. एका टाक्याने सुरू झालेल्या पाखात 24 सुयांनंतर 25 टाके.

आता नक्षी 8 टाके रुंद आणि 8 सुया उंच असेल तर सगळं सुरळीत चालतं. नक्षी उंचीत एकदा पुरी होते तोवर पाखात 8 टाके वाढलेले असतात, म्हणजे शेजारी आणखी एका नक्षीची जागा तयार. मावशीने मात्र स्वेटरची नक्षी उचलली होती, 8 टाके रुंद पण 6 सुया उंच. स्वेटर सरळ असतो, तिथे काही अडत नाही. इथे सहा सुयांत सहाच टाके वाढतात, दोन कमी पडतात. मेळ बसतो तो थेट 24 सुयांनी, कारण 8 आणि 6 चा लसावि 24: उंचीत चार नक्ष्या, रुंदीत तीन. मधल्या काळात काठाशी अर्धवट नक्षी उरते. तिथे मावशी जाळी पाडत होती, पण जोडीदाराला सुईवर जागाच नव्हती. असं तीनदा झालं. नियम एवढाच, की जोडीदार मावत नसेल तर जाळी पाडायची नाही, साधं सुलट विणायचं.

गोल शालीचा हिशेब आणखी सुंदर. परीघ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, म्हणून त्रिज्या दुप्पट झाली की टाकेही एकदम दुप्पट करायचे आणि मध्ये वाढ अजिबात नाही. विणकामावर पुस्तकं लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांच्या 'पाय' (गणितातला π) शालीत टाके 9, 18, 36, 72, 144, 288, 576 असे जातात, आणि 18 झाल्यावर मधले वेढे 3, 6, 12, 24, 48. मावशीला मी दाखवलं, की 18 पासून पुढच्या प्रत्येक आकड्याला वरच्या लहरीच्या नक्षीने नि:शेष भाग जातो. ती म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलंस?"

शाल तिने पुन्हा विणली, भिजवून गादीवर टाचण्यांनी ताणली. खऱ्या लोकरीत पाण्याने केराटिनमधले (लोकरीतल्या प्रथिनातले) हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात, जाळी उघडी राहते. मावशीचा धाग्याचा गुंडा दुकानदाराच्या मते लोकरच होता. टाचण्या काढल्या आणि संध्याकाळपर्यंत शाल निम्मी आक्रसली. ॲक्रिलिक.