गरिबीतून आलेलं आजारपण आणि आजारपणातून आलेली गरिबी, दिसायला सेम पण गोष्टी दोन

गरिबी आणि आरोग्य हा विषय निघाला की दोन मिनिटांत कुणीतरी 'दुष्टचक्र आहे हो ते' म्हणतं, सगळे माना डोलावतात आणि विषय संपतो. त्यात चूक काही नाही, पण एकदा चक्र म्हटलं की ते सुरू कुठून झालं हे विचारायचंच राहून जातं, आणि खरं बघितलं तर तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, गरिबीतून आलेलं आजारपण. दोन, आजारपणातून आलेली गरिबी. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही घरं एकसारखीच दिसतात, कुणीतरी अंथरुणाला खिळलंय, हातात पैसा नाही, आणि पोरगं शाळेच्या वेळेला घरातच.

फरक कळतो तो मागचं विचारल्यावर. सात-आठ वर्षांपूर्वी घरात काय काय होतं? पहिल्या घरातून उत्तर येतं, 'काय असणार, हेच.' दुसऱ्या घरात मात्र यादी सुरू होते, जमिनीचा तुकडा होता, दोन जनावरं होती, मग ह्यांना बरं नाहीसं झालं आणि तिथून पुढे सगळं 'होतं, होतं'च. अनिरुद्ध कृष्णा नावाच्या अभ्यासकांनी नेमकं हेच केलं, भारत, केनिया, युगांडा, पेरू अशा देशांतल्या गावांमध्ये लोकांकडूनच घराघराचा इतिहास काढून घेतला, आणि जी घरं गरिबीत घसरली होती त्यांच्या कारणांमध्ये आजारपण आणि औषधपाण्याचा खर्च अगदी वरच्या नंबरांवर सारखा सारखा यायला लागला. म्हणजे आपण ज्यांना 'गरीब' म्हणून एकाच खान्यात टाकतो त्यातले कितीतरी जण त्या खान्यात जन्मलेलेच नसतात, नंतर येऊन पडलेले असतात.

आता पहिली गोष्ट. हिला तारीख नसते, हीच तिची खूण. पाणी लांबून आणायचं म्हणून ते प्यायला पुरतं पण हात धुवायला पुरत नाही, लाकूडफाट्यावर स्वयंपाक होतो आणि धूर घरातच कोंडतो (घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात अंदाजे ३२ लाख मृत्यू झाले असं जागतिक आरोग्य संघटना सांगते), एका खोलीत सहा-सात जण झोपतात त्यामुळे एकाचा खोकला सगळ्यांचा होतो. सगळ्यात जास्त हे लहान मुलांत होतं आणि सगळ्यात कमी तिथेच दिसतं. मुलाला जुलाब होतात, बरं होतं, महिन्याभराने परत होतात, प्रत्येक वेळी भूक मरते आणि वाढ थोडीशी मागे राहते. आईवडिलांच्या लक्षातही येत नाही कारण शेजारची सगळी मुलं तेवढ्याच उंचीची असतात, मग खुजं म्हणायचं कुणाच्या तुलनेत? पाच वर्षांखालची अशी वयाच्या मानाने खुजी राहिलेली मुलं जगात सुमारे १५ कोटी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरी कुणी 'आमचं मूल आजारी आहे' असं म्हणणार नाही.

इथे एक गंमत आहे. पहिली गोष्ट नीट समजली की लोक लगेच म्हणतात, मग काय, पैसा वाढला की आरोग्य आपोआप सुधारेल. तितकं सरळ नाहीये ते. सॅम्युएल प्रेस्टन या लोकसंख्येच्या अभ्यासकांनी १९७५ मध्ये देशांचं उत्पन्न आणि आयुर्मान यांचा आलेख मांडला, त्यात गरीब देशांच्या टोकाला उत्पन्न जरासं वाढलं तरी आयुर्मान झपकन वर जातं हे दिसलंच, पण आणखी एक गोष्ट दिसली, तेवढ्याच उत्पन्नावर १९६० च्या दशकातली माणसं १९३० च्या दशकातल्यांपेक्षा बरीच जास्त जगत होती. अख्खी रेषाच वर सरकली होती. त्यांच्या हिशोबाने त्या काळातल्या एकूण सुधारणेत उत्पन्नवाढीचा वाटा साधारण १० ते २५ टक्केच, बाकीचं श्रेय लसी, डास मारणं, स्वच्छता, माहिती असल्या गोष्टींकडे जातं. म्हणजे गरिबी तशीच असताना सुद्धा आजारपण कमी करता येतं.

दुसऱ्या गोष्टीला मात्र तारीख असते, कधी कधी वारसुद्धा आठवत असतो. आणि तिचा एक ठरलेला क्रम असतो. आधी साठवलेले पैसे जातात, मग नातेवाइकांकडून उसने, मग व्याजाने, मग विकायला काढायचं, त्यातही आधी ज्याच्यावर पोट नाही ते, म्हणजे दागिना वगैरे. इथपर्यंत घर वाचू शकतं. पण ज्या दिवशी शिलाई मशीन विकलं जातं किंवा जमीन जाते ना, त्या दिवसापासून आजारी माणूस ठणठणीत बरा झाला तरी घर बरं होत नाही, कारण कमवायचं साधनच गेलं. माझ्या मते खरी रेघ इथे आहे, दवाखान्याचं बिल किती आलं यापेक्षा ते भरायला काय विकलं हे विचारायला पाहिजे.

आणि बिल हा निम्माच हिशोब आहे. टीबीचं उदाहरण घ्या, बऱ्याच देशांत टीबीची औषधं फुकट मिळतात, तरी वेगवेगळ्या देशांतल्या सर्व्हेंमध्ये असं दिसलंय की टीबी झालेल्या साधारण निम्म्या घरांचा एकूण फटका वर्षाच्या कमाईच्या २० टक्क्यांच्या वर जातो. औषध फुकट आणि फटका एवढा, कसा? ट्रीटमेंट सहा महिन्यांची, त्यातले सुरुवातीचे आठवडे कामावर जाताच येत नाही, तपासणीसाठी फेऱ्या, गाडीभाडं, सोबत येणाऱ्याची पण मजुरी बुडते, आणि टीबी आहे हे कळेपर्यंतच दोन-तीन ठिकाणी पैसे देऊन झालेले असतात.

दोन्ही गोष्टी एकाच आजारात बघायच्या असतील तर नारू बघा. साठलेल्या पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे बारीक जीव असतात, त्यांच्या पोटात नारूची अळी, ते पाणी प्यायलं की साधारण वर्षभराने पायावर फोड येतो, आग होते, आणि त्यातून दोऱ्यासारखा कृमी बाहेर यायला लागतो. तो मीटरभर लांब असू शकतो. ओढला तर तुटतो आणि मग आतमध्ये सूज-पू वाढतो, म्हणून काडीवर गुंडाळत गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा, त्यात आठवडे जातात आणि तेवढे दिवस माणूस पाय टेकवू शकत नाही. आता पिणाऱ्याकडे दुसरं पाणी नव्हतं म्हणून नारू झाला, ही झाली पहिली गोष्ट. पण तो बाहेर येतो बऱ्याचदा नेमका पेरणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत आणि एकाच वेळी गावातल्या कितीतरी जणांना, मग पीक शेतातच राहतं, ही दुसरी. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातले डोगॉन लोक त्याला 'रिकाम्या कोठाराचा आजार' म्हणायचे, अर्थतज्ज्ञांना जे सांगायला शंभर पानं लागली असती ते या लोकांनी तीन शब्दांत सांगून टाकलं. नारूवर ना लस आहे ना औषध. तरीही १९८६ मध्ये वर्षाला अंदाजे ३५ लाख केसेस होत्या त्या आता गेली काही वर्षं वीसच्या आत आल्या आहेत, आणि ते झालं मुख्यतः पाणी कापडाने गाळून, फोड आलेल्याला पाण्यात उतरू न देऊन आणि गावोगाव माणसं नेमून. गावं श्रीमंत व्हायची वाट बघितली असती तर अजून बघतच बसलो असतो.

रिव्हर ब्लाइंडनेसचंही तसंच, म्हणजे वाहत्या नदीकाठच्या काळ्या माशीमुळे येणारं अंधत्व. पश्चिम आफ्रिकेत लोक सगळ्यात सुपीक नदीखोरी सोडून कोरड्या, निकृष्ट जमिनीवर जाऊन राहिले होते, आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं हे गरीब कारण जमीन वाईट. १९७४ ते २००२ तिथे माशीविरुद्ध मोहीम चालली, नंतर त्यावरचं आयव्हरमेक्टिन हे औषधही आलं, आणि सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन परत कसण्यालायक झाली.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या कशासाठी, तर उपाय वेगळे म्हणून. मेक्सिकोने १९९७ पासून गरीब घरांना रोख मदत दिली, अट एवढीच की मुलं शाळेत आणि तपासणीला गेली पाहिजेत, त्या घरांतली लहान मुलं कमी आजारी पडायला लागली. हा पहिल्या गोष्टीवरचा उपाय. थायलंडने २००१-०२ मध्ये दर भेटीला ३० बाटमध्ये (बाट म्हणजे तिथलं चलन) उपचार सुरू केले, त्याने उपचाराच्या खर्चापायी गरिबीत ढकलल्या जाणाऱ्या घरांची संख्या कमी झाली. हा दुसऱ्यावरचा. अदलाबदल केली तर काम होत नाही, नुसता हॉस्पिटलचा इन्शुरन्स काढून दिला म्हणून मुलाचे जुलाब थांबणार नाहीत, आणि महिन्याची छोटी रोख मदत एका मोठ्या ऑपरेशनला कुठेच पुरत नाही.

आता आकड्यांमधला एक घोळ, जो मला सगळ्यात जास्त खटकतो. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या अंदाजाने २०१९ मध्ये सुमारे २०० कोटी लोकांना उपचाराच्या खर्चाने आर्थिक ओढाताण सोसावी लागली, आणि हे मोजलं कसं होतं तर घरखर्चाच्या १० टक्क्यांच्या वर खिशातून गेलं का, किंवा त्या खर्चाने घर गरिबीच्या रेषेखाली गेलं किंवा आणखी खाली गेलं का, असं. म्हणजे मोजमाप सगळं केलेल्या खर्चाचं. ज्या घराने पैसा नाही म्हणून म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलंच नाही, घरीच ठेवलं आणि घरीच गेला तो, त्या घराच्या रकान्यात 'उपचाराचा खर्च: शून्य' असं लिहिलं जातं.