ब्रिटिश आणि अमेरिकन विनोदपट: फारकतीची पार्श्वभूमी

ब्रिटिश विनोद तिरकस आणि संयत, तर अमेरिकन विनोद ढोबळ आणि गोंगाटी, ही विभागणी चित्रपटविषयक लेखनात इतकी रुळली आहे की ती तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. प्रत्यक्षात पडद्यावरच्या अमेरिकन विनोदाची घडण करणाऱ्यांपैकी दोन प्रमुख नट इंग्लंडहून एकाच जहाजाने अमेरिकेला गेले होते. सप्टेंबर १९१० मध्ये फ्रेड कार्नो यांची नाटकमंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली, तेव्हा तिच्यात चार्ली चॅप्लिन होते आणि त्यांचे बदली नट म्हणून स्टॅन लॉरेलही होते.

कार्नो यांचे 'ममिंग बर्ड्स' हे प्रहसन या संदर्भात महत्त्वाचे आहे. रंगमंचावर एक छोटा रंगमंच, त्यावर एकामागून एक होणारे सुमार कार्यक्रम आणि बाजूच्या राखीव सज्जात बसलेला, उंची पोशाखातला एक झिंगलेला प्रेक्षक, एवढेच त्याचे कथानक. हा झिंगलेला गृहस्थ सज्जातून खाली कोसळतो, कलावंतांशी झटापट करतो आणि अखेर सगळ्या कार्यक्रमाचा विचका करून टाकतो. ही भूमिका चॅप्लिन करत. तिच्यात शब्द जवळजवळ नव्हते, कारण लंडनच्या म्यूझिक हॉलमध्ये, म्हणजे गाणी, नकला आणि कसरतींच्या करमणूकगृहांत, संवाद असलेले नाटक करण्यावर कायद्याची बंधने होती आणि कार्नो यांनी ती चुकवण्यासाठी मूकाभिनयाची प्रहसने बसवण्यात हातखंडा मिळवला होता. ज्याला आज आपण हॉलिवूडचा धडपडाटी विनोद म्हणून ओळखतो, त्यातला बराचसा भाग असा ब्रिटिश परवानापद्धतीच्या पोटी जन्मलेला आहे.

अमेरिकेत या विनोदाला मिळालेला प्रेक्षक मात्र निराळा होता. शहरांतील स्वस्त चित्रपटगृहे युरोपातून नुकत्याच आलेल्या स्थलांतरितांनी भरलेली असत आणि त्यांतील अनेकांना इंग्रजी जेमतेम कळे. त्यांना पोलिसाची फजिती, मालकाला बसलेली लाथ आणि पळापळ समजायला भाषांतर लागत नव्हते. मॅक सेनेट यांच्या कीस्टोन कंपनीने १९१२ पासून हाच माल वेगाने तयार केला. चॅप्लिन तिथे रुजू झाल्यावर १९१४ च्या सुरुवातीला त्यांचा फाटका भटक्या पडद्यावर अवतरला, तेव्हा सेनेट यांना हवी असलेली घाई आणि चॅप्लिन यांना हवा असलेला संथ, तपशीलवार अभिनय यांच्यात खटके उडाले. हॅरॉल्ड लॉइड आणि बस्टर कीटन यांनी याच काळात विनोदाला यशाची चढण दिली. 'सेफ्टी लास्ट' (१९२३) मध्ये लॉइड यांचा दुकानातला साधा नोकर उंच इमारतीच्या घड्याळाला लोंबकळून शेवटी गच्चीवर आणि आपल्या प्रेयसीपर्यंत पोहोचतो. 'द जनरल' (१९२६) मध्ये सैन्याने नाकारलेला इंजिनचालक अखेरीस अधिकाऱ्याचा गणवेश मिळवतो. नायक कितीही आपटला तरी चित्रपट संपताना तो सुरुवातीपेक्षा एक पायरी वर असतो, हा संकेत तेव्हापासून पक्का होत गेला, आणि दोन्ही देशांतल्या विनोदपटांमधला खरा फरक मला याच ठिकाणी दिसतो. हशा कसा पिकवायचा याचे तंत्र दोघांकडे सारखेच होते. हसून झाल्यावर पात्राला कुठे सोडायचे, यावर त्यांच्या वाटा फुटल्या.

बोलपट आल्यावर अमेरिकन निर्मात्यांनी हशाचेही कारखानदारी पद्धतीने मोजमाप सुरू केले. 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' (१९३५) चित्रित होण्यापूर्वी मार्क्स बंधूंनी त्यातील प्रसंग वेगवेगळ्या शहरांत प्रेक्षकांसमोर रंगमंचावर करून पाहिले. कोणत्या वाक्याला हशा येतो, तो किती वेळ टिकतो आणि पुढचे वाक्य केव्हा टाकायचे याचा अंदाज घेऊन मगच कॅमेरा सुरू झाला. दरम्यान १९३४ पासून निर्मितीसंहितेची, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचे यावरच्या हॉलिवूडच्या नीतिनियमांची, अंमलबजावणी कडक झाली होती. शय्येवर जे दाखवता येत नव्हते ते संवादांच्या फटकेबाजीत आणि स्त्री-पुरुषांच्या भांडणात गेले. त्याच वर्षी, पण ही कडक अंमलबजावणी सुरू होण्याच्या काही महिने आधी आलेल्या 'इट हॅपन्ड वन नाइट' मध्येही अविवाहित जोडीच्या खाटांमध्ये दोरीवर टाकलेली चादर हाच सगळ्या शृंगाराचा आधार आहे. मंदीने गांजलेल्या प्रेक्षकाला या चित्रपटांनी गर्भश्रीमंत मुलगी आणि बेकार बातमीदार यांचे लग्न लावून दिले. वर्गांमधील भिंत प्रेमाने पाडता येते, हे या विनोदाचे गृहीतक होते.

ब्रिटनमध्ये ती भिंत विनोदाची जागाच होऊन बसली. १९२७ साली तिथे चित्रपट कायदा झाला आणि वितरक व चित्रपटगृहचालक यांच्यावर ठरावीक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट घेण्याची सक्ती आली. हॉलिवूडच्या लोंढ्यापासून देशी धंदा वाचवणे हा हेतू होता. परिणामी कोटा भरण्यापुरते स्वस्त चित्रपट धडाधड निघू लागले आणि त्यांतील पुष्कळसे टाकाऊ होते, हे मान्य करावे लागते. तरीही या आडोशाला म्यूझिक हॉलचे नट पडद्यावर तगले. लँकेशरच्या बोलीत गाणाऱ्या ग्रेसी फील्ड्स आणि छोट्या बँजोवर चावट गाणी म्हणणारे जॉर्ज फॉर्म्बी हे ब्रिटनमध्ये तिकीटबारीचे राजे होते, पण त्यांचा विनोद बोलीभाषेत आणि गावच्या ओळखीत इतका रुतलेला होता की अमेरिकेत त्याला तसे गिऱ्हाईक मिळाले नाही. विल हे यांचे पात्र तर त्याहून बोलके आहे. कधी शाळामास्तर, कधी 'ओह, मिस्टर पोर्टर!' (१९३७) मधला स्टेशनमास्तर. अंगात कर्तबगारी शून्य, हुद्द्याचा तोरा मोठा, आणि हाताखालच्या लोकांना हे पुरते ठाऊक. कामात कच्च्या पण पदाला चिकटलेल्या माणसाची ही व्यक्तिरेखा पुढे ब्रिटिश विनोदात वारंवार येत राहिली.

या परंपरेला कलाकृतीचे रूप मिळाले ते पश्चिम लंडनमधील ईलिंग स्टुडिओत. मायकेल बाल्कन १९३८ पासून तिथले प्रमुख होते. महायुद्ध संपले तरी रेशनिंग संपलेले नव्हते, ते पूर्णपणे उठायला १९५४ उजाडावे लागले. आणि ईलिंगचे विनोदपट या टंचाईच्या काळाचे अपत्य आहेत. 'पासपोर्ट टू पिम्लिको' (१९४९) मध्ये जुन्या बॉम्बच्या स्फोटामुळे एक सनद सापडते आणि लंडनची एक वस्ती कायद्याने बर्गंडी या फ्रान्समधील जुन्या संस्थानाची ठरते. रहिवासी रेशनकार्डे फाडतात, दारूच्या गुत्त्याची वेळमर्यादा मोडतात, चार दिवस चैन करतात, आणि शेवटी आनंदाने ब्रिटनमध्ये परत येतात. परत येताच रेशनकार्डे हाती पडतात आणि पाऊस सुरू होतो. 'द लॅव्हेंडर हिल मॉब' (१९५१) मधला बँकेचा पापभीरू कारकून सोन्याची चोरी यशस्वी करून दूरदेशी ऐषारामात बसलेला आपल्याला पहिल्यापासून दिसतो. अखेरच्या क्षणी त्याच्या मनगटातली बेडी दिसते. लॉइड यांचा नोकर गच्चीवर पोहोचतो, ईलिंगचा कारकून थोडा वेळ गच्चीवर हवा खाऊन खाली आणला जातो.

यात केवळ राष्ट्रीय स्वभाव शोधणे भाबडेपणाचे होईल, कारण 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (१९४९) या चित्रपटाच्या शेवटाची हकीकत वेगळेच सांगते. सरदारकीच्या वारसाहक्कासाठी नातेवाइकांना एकेक करून संपवणारा लुई मात्झिनी, न केलेल्या खुनाच्या आरोपातून सुटतो. तुरुंगाच्या दाराशी आल्यावर त्याला आठवते की सगळ्या खऱ्या खुनांची कबुली असलेली आत्मकथा कोठडीतच राहिली आहे. ब्रिटिश प्रतीत चित्रपट तिथेच थांबतो. अमेरिकेच्या निर्मितीसंहितेनुसार गुन्हेगाराला शासन झालेले दिसणे आवश्यक होते, म्हणून तिथल्या प्रतीत ती आत्मकथा अधिकाऱ्यांच्या हाती लागल्याचे काही सेकंदांचे दृश्य जोडण्यात आले. त्या काही सेकंदांनी चित्रपटाची धार बोथट केली, असे माझे मत आहे. 'व्हिस्की गॅलोर!' या ईलिंगच्याच चित्रपटाला अमेरिकेत नावातली दारू काढून 'टाइट लिटल आयलंड' या नावाने जावे लागले. याउलट, ईलिंगच्या शेवटच्या मोठ्या विनोदपटाची, 'द लेडीकिलर्स' (१९५५) ची पटकथा विल्यम रोझ या अमेरिकन लेखकाची होती आणि दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक यांचा जन्म बॉस्टनचा होता. ब्रिटिशपणाचा अर्क मानला जाणारा चित्रपट असा दोन्ही देशांच्या हातांनी घडलेला आहे.

पुढची धारा रेडिओवरून आली, आणि तिचा उगम महाराष्ट्राला जवळचा आहे. १९५१ साली बीबीसीवर सुरू झालेल्या 'द गून शो' चे मुख्य लेखक स्पाइक मिलिगन यांचा जन्म १९१८ साली अहमदनगरचा; वडील सैन्यात असल्याने बालपणाची काही वर्षे पुण्यात गेली. तर्काला फाटा देणारा त्यांचा विनोद पडद्यावर आणण्यात पुन्हा एका अमेरिकनाचा हात होता. फिलाडेल्फियाहून आलेल्या रिचर्ड लेस्टर यांनी मिलिगन आणि पीटर सेलर्स यांना घेऊन १९५९ मध्ये जेमतेम अकरा मिनिटांचा एक लघुपट केला. तो आवडल्यामुळे बीटल्सनी 'अ हार्ड डेज नाइट' (१९६४) साठी लेस्टर यांना पसंती दिली, आणि त्यासाठी पैसा युनायटेड आर्टिस्ट्स या अमेरिकन कंपनीचा होता. मॉन्टी पायथन या विनोदी मंडळींवर गून शोचा मोठा प्रभाव होता. त्यांच्या 'लाइफ ऑफ ब्रायन' (१९७९) मधून ब्रिटिश कंपनीने ऐनवेळी अंग काढून घेतल्यावर बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांनी पैसा उभा केला. त्यातही एका छोट्या भूमिकेत मिलिगन आहेत. ते ट्युनिशियात सुट्टीवर होते आणि चित्रीकरण तिथेच चालले होते.

समांतरपणे १९५८ पासून 'कॅरी ऑन' मालिका द्व्यर्थी संवादांवर आणि ठरलेल्या नटसंचावर वर्षानुवर्षे चालली. देशी बाजारपेठ लहान असल्याने ब्रिटिश निर्मात्यापुढे दोनच मार्ग असत: इतक्या स्वस्तात चित्रपट काढायचा की घरच्या तिकिटांवर भागावे, नाहीतर अमेरिकेला रुचेल असे काही त्यात घालायचे. 'कॅरी ऑन' ने पहिला मार्ग धरला. दुसऱ्या मार्गाचा सर्वांत हुशार नमुना 'अ फिश कॉल्ड वांडा' (१९८८) हा आहे. 'लॅव्हेंडर हिल मॉब' चेच दिग्दर्शक चार्ल्स क्रायटन यांनी तो म्हातारपणी केला, लेखन जॉन क्लीज यांचे आणि भांडवल एमजीएम या अमेरिकन कंपनीचे. क्लीज यांच्या बॅरिस्टरचे नाव आर्ची लीच, म्हणजे ब्रिस्टलहून कसरतपटूंच्या मंडळीबरोबर अमेरिकेला जाऊन हॉलिवूडचा तारा झालेल्या कॅरी ग्रँट यांचे मूळ नाव. चारचौघांत शोभा होईल या धाकाखाली इंग्रज माणूस जन्मभर कसा गुदमरतो, याची कबुली हा आर्ची देतो, आणि शेवटी घर, संसार व वकिली सोडून प्रेयसी वांडाबरोबर विमानात बसतो. ईलिंगच्या दिग्दर्शकाने अखेर आपल्या नायकाला सुटू दिले. 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' (१९९४) ने अमेरिकन नायिका घेतली आणि तो आधी अमेरिकेत व नंतर मायदेशी प्रदर्शित झाला.

तरीही एकच संहिता दोन्हीकडे नेल्यावर काय होते हे 'डेथ अ‍ॅट अ फ्युनरल' मध्ये पाहता येते. २००७ चा ब्रिटिश चित्रपट आणि २०१० चा अमेरिकन चित्रपट दोन्ही डीन क्रेग यांच्या लेखणीचे, आणि अंत्यविधीला येऊन मृताचे गुपित उघड करू पाहणाऱ्या पाहुण्याच्या भूमिकेत दोन्हीकडे पीटर डिंक्लेजच आहेत. ब्रिटिश आवृत्तीत सगळा हशा मृताचा मुलगा पाहुण्यांपुढे काहीच घडले नाही असे भासवतो यातून उभा राहतो, म्हणून तो शांतपणे बोलत असतानाच अधिक हसू येते. अमेरिकन आवृत्तीत ख्रिस रॉक, मार्टिन लॉरेन्स आणि ट्रेसी मॉर्गन हे एकपात्री विनोदाच्या मंचावर तयार झालेले कलावंत आहेत, त्यामुळे तेच प्रसंग संकोच झाकण्याऐवजी तो मोठ्याने बोलून दाखवत पुढे सरकतात.