वादग्रस्त इतिहासातून माध्यम साक्षरता

ज्या घटनेबद्दल त्या काळातल्याच लोकांनी एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी लिहून ठेवल्यात अशी घटना वर्गात घ्यायची आणि तिची कागदपत्रं, चित्रं, बातम्या मुलांनाच तपासायला लावायची, म्हणजे उद्या फोनवर येणारा मेसेज किंवा व्हिडिओ बघतानाही तीच सवय कामाला येते, अशी ही शिकवण्याची पद्धत. सनावळ्या पाठ करण्यापेक्षा हे कोणी सांगितलं, कधी, कुणासाठी आणि त्यातून त्याला काय साधायचं होतं, हे विचारण्यावर सगळा भर असतो.

हमखास वापरलं जाणारं उदाहरण म्हणजे तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या अमेरिकेतल्या बोस्टन शहरातला 5 मार्च 1770 चा गोळीबार. ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, 5 माणसं गेली, इथपर्यंत वाद नाही. पण महिन्याभराच्या आतच ब्रिटिशांच्या विरोधात असलेल्या पॉल रिव्हिअर या बोस्टनमधल्या कारागिरानं एक कोरीव चित्र छापून विकायला काढलं (तेही हेन्री पेलहॅम या दुसऱ्या चित्रकाराच्या चित्रावरून उचललेलं), त्यात सैनिक शिस्तीत रांगेत उभं राहून गोळ्या झाडतायत, मागून त्यांचा अधिकारी कॅप्टन प्रेस्टन तलवार उगारून हुकूम देतोय, समोरचे लोक बिचारे निःशस्त्र, आणि सैनिकांच्या मागच्या कस्टम हाऊसवर चक्क खाटिकखान्याची पाटी! प्रेस्टनचं म्हणणं एकदम उलटं, मी हुकूम दिलाच नाही, लोकच दांडकी घेऊन आणि बर्फाचे गोळे फेकत अंगावर येत होते. कोर्टात तो सुटला, 8 सैनिकांपैकी 6 सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवध शाबित झाला. आता हे चित्र आणि प्रेस्टनची हकिकत शेजारी शेजारी ठेवून नुसतं "खरं कोण बोलतंय" विचारलं की मुलं लगेच बाजू घेऊन भांडायला लागतात आणि तास तिथेच संपतो. त्याऐवजी "ही पाटी चित्रात कशाला घातली असेल" असं विचारावं, मग चित्र हा प्रचारही आहे आणि प्रचार कसा चालायचा याचा पुरावाही आहे हे दिसायला लागतं, आणि प्रेस्टनलाही स्वतःची मान वाचवायची होती की, इथपर्यंत मुलं पोचतात.

या पद्धतीमागे सॅम वाइनबर्ग या अमेरिकन शिक्षण-संशोधकाचं संशोधन मोठं आहे. 1991 च्या अभ्यासात त्यांनी 8 इतिहासकार आणि 8 हायस्कूलच्या मुलांना अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात ठरलेल्या 1775 च्या लेक्सिंग्टन चकमकीची कागदपत्रं वाचायला दिली, तर इतिहासकार आधी लिहिणारा कोण ते बघायचे आणि मुलं बहुतेकदा थेट मजकुरात शिरायची, वर मुलांना सगळ्यात भरवशाचं वाटलं ते पाठ्यपुस्तक.

पण इतिहासाची शिस्त इंटरनेटवर जशीच्या तशी पुरत नाही, आणि हे शिक्षकांनी फार गांभीर्यानं घ्यायला हवं. वाइनबर्ग यांनीच सारा मॅकग्रू या सहसंशोधकासोबत 2017 मध्ये इतिहासाचे प्राध्यापक, कॉलेजचे विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्टचेकर यांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या, तेव्हा चांगले मुरलेले प्राध्यापकसुद्धा छान लोगो आणि भारदस्त नाव बघून फसले, कारण ते त्याच पानावर बारकाईनं वाचत बसले. फॅक्टचेकर मात्र पान पूर्ण न वाचताच नवीन टॅब उघडून या साइटबद्दल बाकीचे काय म्हणतात ते आधी शोधत होते. म्हणून कागद हातात असेल तर नीट वाचा आणि साइट अनोळखी असेल तर आधी बाहेर पडा, हे दोन्ही वेगवेगळं शिकवावं लागतं.

शिक्षकाचं मत मुलांवर लादलं जाण्याची भीतीही रास्त आहे. पश्चिम जर्मनीत 1976 मध्ये बॉयटेल्सबाख इथे ठरलेली तत्त्वं यासाठी आजही धरली जातात: विद्यार्थ्याला मतानं दडपायचं नाही, आणि अभ्यासकांत व राजकारणात जे वादाचं आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. याचा अर्थ प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असा अजिबात नाही. नाझींनी केलेला ज्यूंचा संहार झाला की नाही यावर वर्गात वादविवाद ठेवणं ही घोडचूक आहे, तिथे घ्यायचाच असेल तर नाकारणारे लोक कुठले पुरावे गाळतात आणि कुठलं वाक्य अर्धंच उचलतात, हा धडा घ्यावा.