पार्टनर मीट आणि युजर ग्रुपची बैठक: छोट्या व्यवसायांच्या आयटी सल्लागाराने कोणत्या ठिकाणी काय शोधावे

मुंबईत दहा ते पन्नास माणसांच्या कार्यालयांची संगणक व्यवस्था सांभाळणाऱ्या सल्लागाराच्या व्हॉट्सॲपवर दर महिन्याला एक-दोन निमंत्रणे येऊन पडतात. त्यांत तारीख, वेळ, सभागृहाचे नाव आणि विषय असतो, आणि शेवटी चहापानाची व्यवस्था असल्याचे आवर्जून लिहिलेले असते. वागळे इस्टेटमधल्या गाळ्याचा सर्व्हर, दादरच्या सीएच्या कार्यालयातले पंधरा संगणक आणि मशीद बंदरच्या पेढीवरचा टॅलीचा डेटा हे सगळे एकट्याने पाहणाऱ्या माणसाला कामाच्या दिवशी तीन-चार तास काढणे सोपे नसते, म्हणून यांतले कोणते निमंत्रण कशासाठी स्वीकारायचे हे नीट ठाऊक असणे गरजेचे आहे. एक पार्टनर मीट असते आणि दुसरी युजर ग्रुपची बैठक असते. दोन्हीकडे प्रोजेक्टर असतो, ओळखीचे चेहरे असतात, आणि आपल्याकडे बोलताना दोन्हींना सर्रास ‘मीट’ असेच म्हटले जाते. परिणामी पार्टनर मीटला गेलेला माणूस ‘नुसती विक्री चालली होती’ म्हणून नाराज होऊन परततो, तर युजर ग्रुपला पहिल्यांदा गेलेला माणूस ‘गप्पाच झाल्या, हाती काही लागले नाही’ असे म्हणतो. माझ्या मते या दोन्ही तक्रारी चुकीच्या दारात उभे राहून केलेल्या आहेत.

पार्टनर मीट ही कंपनीने किंवा तिच्या डिस्ट्रिब्युटरने बोलावलेली असते. सभागृहाचे भाडे आणि जेवणाचा खर्च विक्रीच्या अंदाजपत्रकातून होतो, विषय कंपनी ठरवते, आणि जे तिचा माल विकतात किंवा पुढे विकू शकतील अशांनाच बोलावले जाते. युजर ग्रुप म्हणजे एकच काम करणाऱ्या किंवा एकच प्रणाली वापरणाऱ्या माणसांनी आपापसात भरवलेली बैठक असते, जिचा खर्च वर्गणीतून निघतो किंवा कोणीतरी आपले कार्यालय संध्याकाळपुरते उघडून देतो, आणि विषय सदस्यांच्या अडचणींतून ठरतो. हा दुसरा प्रकार नवा नाही. १९५५ साली लॉस एंजेलिस परिसरात आयबीएमचे ७०१ हे यंत्र वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाचा गट स्थापन केला, तेव्हा त्यात विमाने बनवणाऱ्या आणि बाजारात एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची माणसे होती. यंत्र दिले म्हणून ते चालवण्याची सगळी विद्या विक्रेत्याकडून मिळत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते, आणि प्रत्येकाने तोच प्रोग्राम स्वतंत्रपणे लिहीत बसण्यापेक्षा एकमेकांना देणे त्यांना शहाणपणाचे वाटले. आजही स्पर्धक एकाच टेबलाभोवती बसतात ते याच हिशेबाने.

फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो एकच प्रश्न दोन्ही ठिकाणी आला की. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याआधीच्या महिन्यांत मी या विषयावरच्या दोन्ही प्रकारच्या बैठकांना गेलो होतो. पार्टनर मीटमध्ये जे सांगितले गेले ते बिनचूक आणि उपयोगी होते: विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) लागते, इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर यादीत बसत नाहीत, आणि व्यवसायांना विस्तारित सुरक्षा अद्यतने जास्तीत जास्त तीन वर्षे विकत घेता येतात, ज्यांचा दर पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर असून पुढे तो दर वर्षी दुप्पट होतो. त्यानंतर नव्या संगणकांच्या किमती, हप्त्यांची सोय आणि जुन्या यंत्रांच्या बदल्यात मिळणारी सूट यांची माहिती आली, आणि आकडेमोड करून पाहता तिसऱ्या वर्षापर्यंत जुनी यंत्रे धरून ठेवणे बहुतेक ग्राहकांना परवडणार नाही हे तिथेच बसल्याबसल्या कळले.

युजर ग्रुपच्या बैठकीत हे सगळे सर्वांना ठाऊक आहे असे धरूनच बोलणे सुरू झाले. पहिला प्रश्न असा होता की गाळ्यावरच्या कटिंग मशीनला जोडलेला संगणक बदलता येत नाही, कारण त्या मशीनचे कार्ड आणि ड्रायव्हर नव्या यंत्रावर चालत नाहीत आणि मशीन बनवणाऱ्याने दुकान बंद केले आहे, तर काय करावे. एकाने तो संगणक वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या स्वतंत्र केलेल्या भागात, टाकून त्याचे इंटरनेट पूर्ण तोडले होते आणि डिझाइनच्या फायली एकाच ठरावीक फोल्डरमधून जातील अशी सोय केली होती. दुसऱ्याने तशीच सोय केली होती, पण पंधरा दिवसांनी कामगाराने मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून गाणी लावलेली त्याला आढळली, म्हणून त्याने वायफायचे कार्डच काढून ठेवले. हे वायफाय कार्ड काढून ठेवण्याचे पाऊल मला कोणत्याही सादरीकरणात दिसले नव्हते. पार्टनर मीटमध्ये पुढे काय येणार आहे आणि ते कितीला पडेल हे कळते, आणि आधीच बसवलेले नेमके कुठे, कसे मोडले हे समजून घेण्यासाठी युजर ग्रुप लागतो.

पार्टनर मीटची किंमत मी कमी लेखत नाही. परवान्यांचे नियम ज्या वेगाने बदलतात तो पाहता ते मूळ ठिकाणी, प्रश्न विचारण्याची सोय असताना ऐकणे आवश्यक आहे. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून लागू केलेल्या खरेदीच्या नव्या पद्धतीत वार्षिक मुदतीचा परवाना पहिल्या सात दिवसांनंतर रद्द करता येत नाही. ही एक ओळ ज्याने नीट ऐकली नाही, त्याच्या अठरा माणसांच्या ग्राहकाने तिसऱ्या महिन्यात सहा माणसे कमी केली की उरलेल्या नऊ महिन्यांचे पैसे कोणी भरायचे यावरून संबंध बिघडतात. शिवाय वॉरंटीचे प्रकरण अडले तर कोणाला फोन करायचा आणि उधारीची मर्यादा कोण वाढवू शकतो हेही तिथे चहाच्या वेळी कळते. मात्र कंपनीचे लक्ष तिच्या धोरणाबरोबर सरकते, हे विसरून चालत नाही. स्मॉल बिझनेस सर्व्हर ही मायक्रोसॉफ्टची ७५ जणांपर्यंतच्या कार्यालयांसाठी केलेली प्रणाली होती आणि आमच्या पिढीतल्या अनेकांचा व्यवसाय तिच्यावर उभा राहिला होता. तिची २०११ ची आवृत्ती शेवटची असल्याचे कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केल्यावर पुढचे बोलणे क्लाउडकडे वळले. ज्यांचे ईमेल कपाटात ठेवलेल्या सर्व्हरवर चालत होते त्या ग्राहकांना सुखरूप कसे हलवायचे, यासाठी आम्हाला एकमेकांकडेच जावे लागले.

युजर ग्रुपमध्ये काय घडते याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. दादर पश्चिमेला पहिल्या मजल्यावरच्या एका कार्यालयात आम्ही नऊ जण बसलो होतो. प्रोजेक्टर नव्हता, लॅपटॉप मधोमध ठेवून सगळे त्याच्याभोवती वाकून पाहत होते. एका सहकाऱ्याने आपल्या ग्राहकाचा बॅकअपचा अहवाल उघडला. आठ महिने, रोज रात्री साडेदहा, प्रत्येक ओळीवर हिरवी खूण. मग त्याने बॅकअपमधला हिशेबाचा फोल्डर उघडला आणि फायलींच्या तारखांवर बोट ठेवले. सगळ्या तारखा आठ महिन्यांपूर्वीच्या होत्या. नवी डिस्क बसवली तेव्हा टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर हलवला गेला, जुना फोल्डर सी ड्राइव्हवर तसाच राहिला, आणि बॅकअपचे काम त्या मृत फोल्डरची इमानेइतबारे प्रत काढत राहिले. डिस्क बिघडली तेव्हा ते उघडकीला आले, आणि ग्राहकाच्या दोन माणसांनी पाच आठवडे बसून बिलांवरून नोंदी पुन्हा केल्या. हे सांगताना त्या सहकाऱ्याचा आवाज स्थिर नव्हता. कोणी त्याला दोष दिला नाही. पुढचा अर्धा तास बॅकअपची नोंद तपासण्याऐवजी सर्वांत नव्या फाईलची तारीख तपासणारी छोटी स्क्रिप्ट कशी लिहावी यावर गेला, आणि पुढच्या बैठकीला प्रत्येकाने एका ग्राहकाचा डेटा खरोखर रिस्टोअर करून यावे असे ठरले. तशी तपासणी करून सात जण आले, आणि त्यांतल्या दोघांना आपापल्या ग्राहकाकडे तोच दोष सापडला होता.

ही हकीकत पार्टनर मीटमध्ये सांगता आली नसती, आणि त्यात कंपनीचा काही दोष नाही. व्यासपीठावरचा अभियंता आपल्या मालाविषयी उत्तरदायी असतो, समोर दीडशे अनोळखी माणसे असतात, आणि आपली चूक तिथे उघड करणाऱ्याला उद्या आपला ग्राहक हातचा जाईल ही भीती रास्त असते. नऊ जणांच्या खोलीत, जिथे प्रत्येकाने कधी ना कधी असेच काही सांगितलेले असते, तिथे ती भीती कमी होते.

अर्थात युजर ग्रुपच्याही मर्यादा आहेत, आणि त्या पार्टनर मीटच्या मर्यादांपेक्षा जास्त सांभाळाव्या लागतात, कारण तिथे कोणी जबाबदार आयोजक नसतो. ग्राहकाचे नाव घेऊ नये आणि त्याच्या ग्राहकांची माहिती दिसणारे स्क्रीनशॉट गटात टाकू नयेत, हा शिष्टाचार तर आहेच, शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. दुसरी गोष्ट दरांची. एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, दर कसा ठरवावा, प्रवासाचा वेळ त्यात धरावा का, यावर चर्चा करणे चांगले. परंतु ‘यापुढे कोणीही अमुक रकमेखाली काम घ्यायचे नाही’ असे सर्वांनी मिळून ठरवणे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ खाली येऊ शकते, आणि हे अनेकांच्या गावीही नसते. तिसरा धोका ऐकीव माहितीचा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. ‘हे फक्त मोठ्या कंपन्यांना आहे’ असे मी बैठकीत ठामपणे सांगितलेले ऐकले आहे, पण निर्देशांत सेवा पुरवठादार आणि कंपन्या असा सरसकट उल्लेख आहे. अशा वेळी मूळ कागद उघडून वाचणारा एक तरी माणूस गटात असावा लागतो.

हल्ली या दोन्हींची सरमिसळही होते. नाव युजर ग्रुपचे असते, पण सभागृह कंपनीचे, खाणे कंपनीचे आणि पहिला तास कंपनीच्या वक्त्याचा असतो. यात वाईट काही नाही, मात्र आपण कुठे आलो आहोत हे ओळखता यावे. मी दारावरच्या नोंदवहीकडे पाहतो. तिच्यात नाव आणि भागाबरोबर ‘येत्या तीन महिन्यांतील अपेक्षित खरेदी’ असा रकाना असेल तर ती पार्टनर मीट आहे, फलकावर काहीही लिहिलेले असो. प्रायोजक असूनही विषय सदस्यांनी ठरवले असतील आणि प्रायोजकाच्या मालातले दोष त्याच्या माणसासमोर मोकळेपणाने सांगता येत असतील, तर तो खरा युजर ग्रुप आहे. मुंबईत जागा आणि वेळ हीही खूण असते. विमानतळाजवळच्या हॉटेलात सकाळी दहाला सुरू होऊन जेवणाने संपणारा कार्यक्रम बहुधा कंपनीचा असतो, तर पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या दोन्ही माणसांना सोयीचे म्हणून दादरला, संध्याकाळी सातनंतर जमणारे लोक बहुधा स्वखर्चाने आलेले असतात.

दोन्ही एकाच दिवशी आल्या तर मी विषय पाहतो. परवाना, दर किंवा नवी आवृत्ती असेल तर पार्टनर मीट, आणि एरवी युजर ग्रुप. युजर ग्रुपकडे माझा कल असण्याचे कारण असे की त्याचा उपयोग बैठकीच्या दिवसापुरता नसतो. १२ मे २०१७ हा शुक्रवार होता. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे वॉनाक्राय हे व्हायरस त्या दिवशी पसरू लागले, आणि त्याला रोखणारे अद्यतन मार्चमध्येच आले असूनही अनेक ग्राहकांकडे ते बसवलेले नव्हते. शनिवार-रविवार आम्ही फोनवर एकमेकांना विचारत होतो: ते ज्या वाटेने शिरते ते ४४५ पोर्ट राउटरवर बंद केले का, जुने एसएमबी (नेटवर्कवर फायली देण्याघेण्याची पद्धत) बंद केल्यावर कोणता स्कॅनर चालेनासा झाला, विंडोज एक्सपीसाठी निघालेले खास अद्यतन कुठे मिळते. सोमवारी सकाळी कार्यालये उघडली तेव्हा माझे काम झालेले होते.

एकट्याने काम करणाऱ्याचा आणखी एक प्रश्न असतो, तो म्हणजे तो स्वतः आजारी पडला तर काय. आमच्या गटातल्या भांडुपच्या एका सहकाऱ्याशी माझा लेखी समझोता आहे: एकाने दुसऱ्याच्या ग्राहकाकडे जाऊन काम करायचे, पैसे मूळ सल्लागारामार्फतच घ्यायचे, आणि पुढची दोन वर्षे त्या ग्राहकाचे स्वतंत्र काम स्वीकारायचे नाही. पासवर्डचे पाकीट सीलबंद करून एकमेकांच्या घरी ठेवलेले आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी मी नऊ दिवस रुग्णालयात होतो तेव्हा त्याने ते पाकीट उघडले. मी घरी आल्यावर त्याने माझ्या हातात एक कागद दिला. त्यावर अकरा फोनांची तारीखवार नोंद होती, प्रत्येकापुढे काय केले ते लिहिले होते, आणि खाली लिहिले होते की मशीद बंदरच्या पेढीचा पासवर्ड त्याने काम झाल्यावर बदलला असून नवा पासवर्ड दुसऱ्या पाकिटात आहे.