झेडपी शाळेची वर्गखोली आणि शाळा अनुदान : प्रस्ताव नेमका कुठे अडकतो

वर्गखोलीचा प्रस्ताव परत आला की गावात सगळे म्हणतात निधीच नाही. बऱ्याचदा निधी असतो, अडतो तो जागेचा कागद. कुणाच्या तरी पणजोबांनी जमीन तोंडी दिली, शाळा उभी राहिली, पण सातबाऱ्यावर नाव अजून त्यांचंच, आणि आता वारस एक पुण्यात, एक सुरतेत, सह्या कोण गोळा करणार? तरी त्या कराव्याच लागतात. स्टॅम्पपेपरवरच्या संमतीवर विसंबू नका, रजिस्टर बक्षीसपत्र करा आणि तलाठ्याकडे फेरफार होऊन जिल्हा परिषदेचं नाव लागलंय ना ते स्वतः बघा. शाळा गावठाणात असेल तर सातबारा निघतच नाही, तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा किंवा मिळकत पत्रिका जोडायची. तरीही टेबलावर सातबाराच मागितला तर ती त्रुटी लेखी मागून घ्या, तोंडी उत्तरावर परत फिरू नका.

दुसरी अडचण पडक्या खोलीची. छताच्या सळ्या बाहेर आल्यात, पोरं व्हरांड्यात बसतात, आणि यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, तीच खोली 'चांगली' म्हणून भरलेली! मग कागदावर शाळेला खोल्या पुरेशा दिसतात आणि नवीन मंजूर होत नाही. आधी माहिती दुरुस्त करा, बांधकाम विभागाकडून खोलीची पाहणी करून घ्या आणि निर्लेखनाचा, म्हणजे ती खोली नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव टाका.

बाकी शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव, फोटो, अंदाजपत्रक, सगळं गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत.

रोजच्या खर्चासाठी समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान असतं, फक्त सरकारी शाळांना. निकषानुसार पट ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार, त्यापुढे १ लाख, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. हाती येणारी रक्कम कमी असू शकते. इथे ३१ मार्चचा घोळ होतो. पैसे तुमच्या खात्यात पडून नसतात, खर्चाची मर्यादा मिळते, आणि न वापरलेली मर्यादा वर्षअखेर परत जाते. ती वरूनच उशिरा येते यात शाळेचा काय दोष? पण फटका शाळेलाच, म्हणून ठराव आणि कोटेशन आधीच तयार ठेवा. समिती दर दोन वर्षांनी बदलते, नवे अध्यक्ष आले की बँकेतली सही लगेच बदलून घ्या, ऐन मार्चमध्ये ते काम होत नाही.