पीअर-टू-पीअर फाइल शेअरिंग : व्यवसाय आणि कायदा

पीअर-टू-पीअर (पी-टू-पी) फाइल शेअरिंग म्हणजे एखादी फाइल मध्यवर्ती सर्व्हरवर न ठेवता वापरकर्त्यांच्या संगणकांनी ती एकमेकांकडून थेट घेण्याची पद्धत होय. ही पद्धत मुळात बेकायदेशीर नाही. डेबियन, उबंटू यांसारख्या लिनक्स प्रणाली आजही अधिकृतपणे टोरंटद्वारे, म्हणजे पी-टू-पीच्याच एका प्रकाराने, वितरित होतात आणि पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपसारख्या मंडळींना तिचा हा वापर जुन्या ओळखीचा आहे. मात्र तिचे नाव गाजले ते गाणी आणि चित्रपटांच्या विनापरवाना देवाणघेवाणीमुळे. न्यायालयाने निकालात यंत्रणेच्या ज्या भागावर बोट ठेवले तो भाग पुढच्या प्रणालीतून काढून टाकला गेला, असे या क्षेत्रात वारंवार घडले. त्यामुळे येथील तांत्रिक बदल खटल्यांच्या संदर्भाशिवाय नीट उलगडत नाहीत.

शॉन फॅनिंग या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने 1999 मध्ये नॅपस्टर सुरू केले. गाण्यांच्या एमपी-3 फाइल वापरकर्त्यांच्याच संगणकांवर राहत. कोणते गाणे कोणाकडे आहे याची सूची तेवढी कंपनीच्या सर्व्हरवर असे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दावा लावला. बचावासाठी नॅपस्टरने 1984 च्या सोनी बेटामॅक्स (घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर) निकालाचा आधार घेतला. ज्या यंत्राचा लक्षणीय वैध उपयोग होऊ शकतो ते केवळ विकल्याने उत्पादक दोषी ठरत नाही, असे त्या निकालाचे सूत्र होते. फेब्रुवारी 2001 मध्ये अपील न्यायालयाने हा बचाव फेटाळला. सूची कंपनीच्या हाती होती, उल्लंघनाची तिला माहिती होती आणि ते रोखण्याची क्षमताही होती, या बाबी निर्णायक ठरल्या. जुलै 2001 मध्ये सेवा बंद पडली आणि पुढच्या वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. बर्टेल्समन या जर्मन समूहाने तिला मोठे कर्ज देऊन सशुल्क सेवा उभारण्याचा घाट घातला होता, पण गाण्यांचे परवाने हाती नसल्याने तो फसला. गिऱ्हाईक दारात उभे असताना संगीत कंपन्यांनी विकण्यापेक्षा खटला लढणे पसंत केले, आणि या हटवादाची किंमत त्यांनाच पुढे मोजावी लागली.

पुढच्या पिढीने मध्यवर्ती सूचीच टाळली. काझा, ग्रोकस्टर आणि मॉर्फियस या सेवा सॉफ्टवेअर फुकट देत आणि जाहिरातींवर कमाई करत. काझाचे जनक निकलस झेनस्ट्रॉम व यानुस फ्रीस यांनी पुढे ते शारमन नेटवर्क्स या कंपनीला विकले. तिची नोंदणी वानुआतूत होती आणि कारभार ऑस्ट्रेलियातून चाले. याच जोडीने 2003 मध्ये स्काइप सुरू केले. आपल्याकडे सूची नाही, म्हणून आपले नियंत्रणही नाही, हा युक्तिवाद अमेरिकेतील खालच्या दोन न्यायालयांनी मान्य केला होता. 27 जून 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रोकस्टर खटल्यात एकमताने निकाल फिरवला. रचना कशीही असो, उल्लंघनास चिथावणी देण्याचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर साधन पुरवणाराही जबाबदार ठरतो, असे तत्त्व न्यायालयाने मांडले. हेतू सिद्ध करताना तीन गोष्टी पाहिल्या गेल्या : नॅपस्टरचे जुने वापरकर्ते ओढण्याचे प्रयत्न, फाइल गाळण्याची कोणतीही सोय न करणे, आणि वापर वाढेल तसे जाहिरात-उत्पन्न वाढेल अशी व्यवसायाची बांधणी. लाइमवायर या फाइल शेअरिंग सेवेला याच तत्त्वाचा फटका बसला व 2011 मध्ये त्या कंपनीने 10.5 कोटी डॉलरला तडजोड केली.

ब्रॅम कोहेन यांनी 2001 मध्ये मांडलेली बिटटोरंट प्रणाली यापेक्षा वेगळी होती. तीत फाइलचे लहान तुकडे केले जातात. ज्याच्याकडे जो तुकडा आला असेल तो त्याने इतरांना पुरवायचा असतो, आणि जो देत नाही त्याला मिळण्याचा वेगही कमी राहतो. पूर्ण फाइल हाती आल्यावरही ती देत राहणाऱ्याला ‘सीडर’ म्हणतात; सीडर संपले की टोरंट ९९ टक्क्यांवर अडकून पडते, हा अनुभव कोणाही वापरकर्त्याला सांगावा लागत नाही. यात कंपनी सूची ठेवत नसली तरी टोरंट शोधून देणारी संकेतस्थळे उरत होती, आणि कायद्याने मोर्चा तिकडे वळवला. स्वीडनमधील पायरेट बेच्या चालकांना एप्रिल 2009 मध्ये एक वर्षाचा कारावास व 3 कोटी क्रोनर भरपाई ठोठावली गेली. अपिलात कारावास कमी झाला, भरपाई वाढली. संकेतस्थळाने त्याच वर्षी ट्रॅकर (तुकडे कोणाकडे आहेत हे सांगणारा सर्व्हर) बंद केला आणि 2012 मध्ये टोरंट फाइलऐवजी केवळ मॅग्नेट दुवे (फाइलची फक्त ओळखखूण असलेले दुवे) देणे सुरू केले, म्हणजे जप्त करण्याजोगा ऐवज आणखी कमी झाला.

दरम्यान अमेरिकेत 2003 ते 2008 या काळात हजारो सामान्य वापरकर्त्यांवर दावे झाले. 24 गाण्यांसाठी एका महिलेवर एका टप्प्यावर 19.2 लाख डॉलरचा बोजा पडला होता. अशा खटल्यांतून वसुलीपेक्षा नाचक्कीच अधिक झाली. पी-टू-पीचा ओघ खऱ्या अर्थाने आटवला तो रास्त दरात सहज मिळणाऱ्या सेवांनी. 2008 मध्ये सुरू झालेल्या स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या सेवेने प्रारंभी स्वतःच पी-टू-पी तंत्र वापरले होते.

भारतात प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, 1957 च्या कलम 63 नुसार उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे; हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. व्यवहारात मात्र भर राहिला तो अज्ञात प्रतिवादींविरुद्धच्या ‘जॉन डो’ मनाई हुकुमांवर. 2012 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशा आदेशावरून सेवा पुरवठादारांनी संपूर्ण संकेतस्थळे बंद केली. तेव्हा आदेश विशिष्ट दुव्यांपुरता असल्याचा खुलासा न्यायालयाला करावा लागला. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी 2016 मध्ये सरसकट बंदीस नकार देऊन नेमक्या दुव्यांची यादी मागितली, आणि नुसते पाहणेही गुन्हा असल्याचा जो इशारा पडद्यावर झळकत होता तो चूक ठरवला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2019 मध्ये मात्र नाव बदलून पुन्हा उगवणाऱ्या संकेतस्थळांनाही लागू होणारा ‘गतिशील’ हुकूम दिला.

पुण्यातील चित्र इंटरनेटच्या वेगाने ठरवले. 2004 च्या केंद्रीय धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान 256 केबीपीएस असे ठरले होते. त्या वेगाने 700 एमबीचा एक चित्रपट उतरायला सहा तासांहून अधिक वेळ लागे. म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत एकाने रात्रभर टोरंट लावून ठेवायचे आणि सकाळी बाकीच्यांनी अंतर्गत लॅनवरून डीसी++ या फाइल शेअरिंग सॉफ्टवेअरने काही मिनिटांत प्रत घ्यायची, अशी घडी बसली. डीसी++च्या हबमध्ये, म्हणजे वापरकर्ते जोडले जात त्या केंद्रात, शिरण्यासाठी ठरावीक जीबीचा साठा खुला ठेवण्याची अट असे. ती भरण्यासाठी अनेक जण अख्खा डी ड्राइव्ह वाटपात टाकत, त्यात अभ्यासाच्या पीडीएफही जात. संकेतस्थळ-बंदीचा या अंतर्गत जाळ्यावर काही परिणाम होण्याचे कारण नव्हते. वसतिगृहाबाहेर हाच माल मोबाइल दुकानांतून मेमरी कार्डात ‘गाणी भरून’ मिळे, आणि पैशाचा व्यवहार होई तो या टप्प्यावर. दंडात्मक कायद्याची पकडही विक्रेत्यावरच बसते : झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले आदींच्या स्थानबद्धतेसाठी असलेल्या राज्याच्या 1981 च्या कायद्यात 2009 मध्ये ‘व्हिडिओ पायरेट’ हा वर्ग जोडला गेला.

2016 नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, तशी कार्डे भरून देण्याची गरज ओसरली. चित्रपटाच्या प्रती पुढे टेलिग्रामवरून फिरू लागल्या. ते तंत्र पी-टू-पी नव्हे, कारण तेथे फाइल कंपनीच्या सर्व्हरवर असते. प्रताधिकार अधिनियमाच्या कलम 62 प्रमाणे पुण्यात राहणाऱ्या किंवा व्यवसाय करणाऱ्या हक्कधारकाला दावा पुण्याच्याच जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो. 2023 च्या चलच्चित्र कायद्यातील दुरुस्तीने विनापरवाना चित्रीकरण व प्रसारणासाठी किमान तीन महिने कारावास आणि निर्मितीखर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे.