लेखन कार्यशाळा (शालेय, वर्षभराची)

पाचवी ते आठवीच्या मुलांना लिहायला शिकवायची एक पद्धत. यात फळ्यावर निबंधाचा विषय टाकून तास संपला की वह्या गोळा करायच्या असं नसतं. जून ते एप्रिल, आठवड्यातल्या ठरलेल्या तासांना मुलं स्वतः निवडलेल्या विषयावर लिहितात, खोडतात, शेजारच्याला वाचून दाखवतात, परत लिहितात, आणि सर किंवा मॅडम बाकांमधून फिरत एकेकाशी बोलतात.

नावामुळं मोठी गल्लत होते. मराठीत कार्यशाळा म्हटलं की बॅनर, पाहुणे, प्रमाणपत्र आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन डोळ्यापुढं येतो, पण इथं शब्दाचा मूळ अर्थ घ्यायचा, सुताराची किंवा लोहाराची रोज काम करायची जागा. ‘कारखाना’ शब्द जास्त जवळचा झाला असता, पण सांगली-साताऱ्यात कारखाना म्हणजे साखरेचाच.

उगमाबद्दल एकमत नाही. काहीजण मुळं अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या १९३६ पासूनच्या लेखन कार्यक्रमात शोधतात, पण तिथं मोठी, लिहिती माणसं एकमेकांच्या लेखनावर चर्चा करायची, त्यामुळं हे नातं बहुतेक नावापुरतंच असावं. दुसरं मत १९६६ च्या डार्टमथ परिषदेचं, जिथं इंग्लंड-अमेरिकेतले इंग्रजीचे शिक्षक जमले आणि मुलाच्या स्वतःच्या भाषेच्या वाढीवर भर द्यावा हा विचार जोरात पुढं आला. तिसरं मत जास्त पटतं. जॅनेट एमिग यांनी १९७१ मध्ये बारावीच्या मुलांना लिहिता लिहिता मोठ्यानं विचार बोलायला लावून त्यांची पद्धत तपासली, १९७२ मध्ये डोनाल्ड मरे यांनी लेखन हे तयार वस्तू म्हणून नाही तर प्रक्रिया म्हणून शिकवा असं मांडलं, आणि त्यांच्याच न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले डोनाल्ड ग्रेव्ह्ज यांनी लहान मुलांच्या वर्गात बसून केलेल्या निरीक्षणांवरून १९८३ मध्ये त्याला वर्गात चालेल असं रूप दिलं. मधल्या वयाच्या मुलांपर्यंत हे नेलं मेन राज्यात आठवीला शिकवणाऱ्या नॅन्सी अ‍ॅटवेल यांनी, १९८७ च्या सुमारास. २०१५ चा पहिला ग्लोबल टीचर प्राइज त्यांनाच मिळाला, जो पुढं २०२० मध्ये आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या रणजितसिंह डिसले यांना मिळाला.

आपल्याकडं शाळकरी पोरीनं स्वतःच्या जगण्यावर लिहिलेलं ठळक जुनं उदाहरण म्हणजे मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध, १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापलेला. वय कुणी अकरा म्हणतं कुणी चौदा, म्हणजे आजच्या भाषेत पाचवी ते नववीच. ती फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकली, आणि सावित्रीबाईंचं नायगाव आणि जोतीरावांच्या घराण्याचं कटगुण ही दोन्ही गावं सातारा जिल्ह्यातली. याला कार्यशाळेचा पूर्वज म्हणणं ताणलेलं होईल, पण विषय मुलाचा स्वतःचा असला की काय होतं ते यात दिसतं.

तासाची रचना साधी आहे. पहिली सात-आठ मिनिटं एकच गोष्ट शिकवायची (संवाद कसा लिहायचा, सुरुवात कुठून करायची), मग पंचवीसेक मिनिटं लेखन, शेवटी एक-दोघांचं वाचन. ग्रेव्ह्ज आठवड्यातले निदान चार दिवस मागतात. आपल्या वेळापत्रकात दोन तासिका मिळाल्या तरी खूप, आणि वर्गात अठ्ठेचाळीस पोरं धरली तर तीन मिनिटांप्रमाणं एका तासाला आठजणांशी बोलणं होतं, म्हणजे सगळा वर्ग फिरायला सहा तास, तीन आठवडे. म्हणूनच ही गोष्ट एका दिवसात उरकत नाही.

‘माझा आवडता ऋतू’ दिलं की पाठ केलेलं येतं. तासगावच्या पोराला बेदाण्याच्या शेडबद्दल, सांगलीतल्या पोरीला हळदीच्या सौद्याबद्दल लिहू द्या, किंवा २०१९ च्या पुरात आधी काय माळ्यावर टाकलं हे आजीला विचारून या म्हणा, वही भरते. वर्षाची आखणी करताना गळीत हंगाम धरावाच लागतो, दिवाळीच्या आसपास ऊसतोड मजुरांची मुलं बीडकडून इकडं सांगलीकडं येतात, जत तालुक्यातली बाहेर जातात, तेव्हा लेखनाची वही मुलासोबत गेली पाहिजे, शाळेच्या कपाटात राहून उपयोग नाही. इथल्या शाळांमधे पद्धतीचे सुटे भाग आधीपासून आहेत, परिपाठ, भित्तिपत्रक, हस्तलिखित, आणि संक्रांतीला औदुंबरला भरणारं साहित्य संमेलन पलूस तालुक्यातल्या पोरांना सहज जाऊन ऐकता येतं.

खरा वाद भाषेचा. लिसा डेल्पिट यांनी १९८० च्या दशकात आक्षेप घेतला की नुसतं ‘लिहा, व्यक्त व्हा’ म्हटलं तर ज्यांच्या घरात प्रमाण भाषा नाही त्या मुलांना तिचे नियम कुणीच शिकवत नाही, आणि तोटा त्यांचाच होतो. माणदेशात ‘मी गेलतो’ लिहिणारं पोर किंवा जतच्या पूर्व भागात घरी कन्नड बोलणारी मुलगी, दोघांनाही हे लागू पडतं. त्यातल्या त्यात बरा मार्ग असा दिसतो की पहिला खर्डा बोलीत, लाल पेन न लावता, आणि पक्क्या प्रतीच्या वेळी १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम स्पष्ट, थेट शिकवायचे. संवादात मात्र ‘गेलतो’ तसंच ठेवायचं, ते चुकीचं नाही.

मूल्यमापन आकारिकमध्ये, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, बसवता येतं. गुण एकट्या पक्क्या प्रतीला देऊ नयेत, कच्चा खर्डा खालीच पिन मारून ठेवावा, म्हणजे पोरानं काय बदललं ते तपासता येतं.